पोरं दोन, फॉलोअर बाराशे

घरात दोन लहान मुलगे वाढवायचे असतील तर सगळ्यात आधी लांब वायरचा एक चार्जर घ्या. दुपटी, झबली, वाळे वगैरे मावश्या-आत्या आणतातच. चार्जर कुणी आणत नाही. दोन पोरांच्या मागे धावून आईबापाची बॅटरी रात्री आठला संपली तरी कुणाचं काही अडत नाही, मोबाईलची संपून चालत नाही. माझ्याकडे एक दुसरीत आणि एक बालवाडीत आहे, त्यामुळे पुढचं सगळं अधिकारवाणीने सांगते आहे.

नावापासून सुरुवात करू. पूर्वी पंचांगातून अक्षर काढायचे, मग आजोबांना विचारायचे, मग आजोबांनी सुचवलेलं सोडून दुसरंच काहीतरी ठेवायचे. आता आधी इन्स्टाग्रामवर त्या नावाचं खातं शिल्लक आहे का ते बघायचं. अक्षर 'क' आलं आणि सगळे कबीर संपलेले असले तर अक्षरच बदलून मागा. गुरुजी समजूतदार असतात. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालत 'कुर्रर्र' करतात, तेव्हा कुणाचा तरी पदर कॅमेऱ्यापुढे येणारच. आत्याला पुन्हा वाकायला सांगा. बाळाला नाव एकदा कळून चुकलेलं असतं, पण ते कुठे तक्रार करतंय? तिसऱ्या खेपेला मात्र धपाटे जरा बेताने घाला, आत्याचं वय बघून.

इन्स्टाग्राम म्हणतं की खातं उघडायला वय १३ पूर्ण हवं. घाबरायचं कारण नाही. 'हे खातं आईबाबा सांभाळतात' अशी ओळ बायोमध्ये टाकली की तेरा दिवसांचं बाळही चालतं. खातं आईबाबा सांभाळतात. बाळाला आजी सांभाळते, पण तिचा उल्लेख करायची पद्धत नाही.

दुसराही मुलगाच झाला, हे जाहीर केलंत की खाली दोन प्रकारचे लोक जमतील. 'दोन्ही मुलगेच का? असू दे, असू दे' असं सांत्वन करणारे, आणि 'सुटलात हो' म्हणणारे. दोघांनाही जोडलेल्या हातांची तीच ती खूण पाठवा. यानंतर दोघांना एकसारखे कपडे घ्यायला लागा. आमच्या लहानपणी भावाभावांचे शर्ट एकसारखे असत, कारण वडील एकाच ताग्यातून कापड फाडून आणत आणि शिंपी उरलेल्या तुकड्यात धाकट्याचा बसवे. त्याची तेव्हा लाज वाटायची. आता त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात आणि त्याला 'ट्विनिंग' म्हणतात. थोरल्याला तो कुर्ता टोचतो, धाकट्याला तो काढायचाच नसतो. फोटो निघेपर्यंत दोघांना एक एक चॉकलेट द्या; पांढऱ्या कुर्त्यावर मात्र चॉकलेट फोटोनंतरच.

सकाळचं बघू. मुलांची झोप पुरत नाही, ती रात्री उशिरा झोपतात, म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं राज्य सरकारने २०२४ साली शाळांना सांगितलं. तुमच्या शाळेने हे ऐकलं असेल तर तुम्ही भाग्यवान, कारण सकाळचा कोवळा उजेड चित्रीकरणाला फार चांगला. त्या वाढीव वेळात मुलांना झोपू देऊन तो उजेड वाया घालवू नका. डब्याच्या पोळीला गाजराचे कान आणि काकडीचे डोळे लावा, वरून फोटो घ्या, मग झाकण लावा. दुपारी तो ससा एक कान न गमावता परत येईल. परत आलेल्या डब्याचा फोटो काढायचा नसतो. तो ससा आईने उभ्या उभ्या, ओट्याशी खायचा असतो.

आता सगळ्यात जास्त चालणारा विषय. 'आम्ही मुलग्यांनाही घरकाम शिकवतो.' याला तोड नाही. थोरल्याला ओट्याजवळ स्टुलावर उभं करा, हातात लाटणं द्या, आणि पोळीचा आफ्रिका खंड झाला की मागे सनई वाजू द्या. खाली लिहा, 'याच्या बायकोला त्रास होणार नाही.' सात वर्षांच्या मुलाच्या बायकोची काळजी करणारे चारशे लोक लगेच बदाम पाठवतील. उरलेल्या अठरा पोळ्या कोण लाटतं हे विचारायचं नाही. पोरांचा बाबा त्या वेळी कॅमेरा धरून उभा असतो. म्हणजे तोही स्वयंपाकघरातच असतो. एवढं पुष्कळ झालं, नाही का?

भांडणं दाखवू नका. खरं तर दोन मुलग्यांच्या घरात मुख्य धंदा तोच. लिफ्टचं बटण कोणी दाबायचं यावरून आमच्या इमारतीत तळमजला ते चौथा मजला असं एक महायुद्ध रोज होतं. आज धाकट्याची पाळी असते, पण थोरला फक्त कोपर लावतो, 'चुकून लागलं' म्हणतो, आणि मग लिफ्ट वर पोचल्यावर न्याय म्हणून सगळ्यांना पुन्हा खाली यावं लागतं. हातात भाजीच्या पिशव्या असतात. जोशीकाकू तिसऱ्या मजल्यावर थांबलेल्या असतात. त्यांना वर जायचंय की खाली हे त्यांना आता आठवत नसतं. अशा वेळी कॅमेरा चुकूनही काढू नका. त्याऐवजी दोघं झोपले की थोरल्याचा हात उचलून अलगद धाकट्याच्या अंगावर ठेवा आणि मग फोटो घ्या. 'माझे राम-लक्ष्मण.' हात ठेवताना थोरला जागा झाला तर मात्र पुढचे दोन तास तुमचे तुम्ही.

मोबाईल पोरांच्या हातात द्यावा का, हा गहन प्रश्न आहे. बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने आकडे देऊन ठेवले आहेत. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, दोन ते पाच वयाला दिवसाला फार तर एक तास, पाच ते दहा वयाला दोन तासांच्या आत. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या घरी दोन मुलं नसावीत. थोरल्याचे दोन तास चालू असताना धाकटा त्याच्या मांडीवर बसून बघतो, आणि धाकट्याचा तास आला की थोरला मागून मान लांब करतो. दोन आणि एक तीन, आणि तिन्ही तास दोघांचे. नियम कुणीच मोडलेला नसतो. पस्तिशीच्या मुलांसाठी त्यात रकाना नाही, त्यामुळे आपण निर्धास्त.

तरीही मन खात असेल तर सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावचा व्हिडिओ पुढे पाठवा. तिथे २०२२ साली गावाने ठरवलं, संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरं पुस्तकं काढून बसायची, आणि दीड तासाने पुन्हा भोंगा. नुसतं पोरांना 'बंद कर' म्हणायचं नाही, मोठ्यांनीही बंद करायचं, हा त्यातला जाचक भाग. आमच्या सोसायटीत असा भोंगा बसवायचा विषय ग्रुपवर निघाला होता. चर्चा जोरात झाली. आवाजाची पातळी, वायरिंगचा खर्च, भाडेकरूंना लागू की नाही. संध्याकाळी सात ते साडेआठ.

मोठ्या बातम्याही हाताशी ठेवा, त्याने अकाउंटला वजन येतं. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. कंपन्यांनी हयगय केली तर जवळजवळ पाच कोटी डॉलरपर्यंत दंड. ही बातमी तुमच्या दोघा मुलांच्या पोहण्याच्या कपड्यांतल्या फोटोच्या वर टाका आणि लिहा, 'आपल्याकडे हे कधी होणार?' त्या कायद्यात मुलाने खातं उघडायला मनाई आहे, आईबापांनी मुलाचे फोटो टाकायला नाही. कायदे करणारे शेवटी आईबापच असतात. फ्रान्सवाले जरा चमत्कारिक. त्यांनी २०२० साली कायदा केला की असे व्हिडिओ करून सोळा वर्षांखालचं मूल पैसे कमवत असेल तर ठरावीक मर्यादेपलीकडचे पैसे त्याच्याच नावावर ठेवायचे, आणि 'माझे व्हिडिओ पुसा' असं मूल स्वतः सांगू शकेल. मूल सांगणार आणि आपण ऐकणार! आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीबद्दलच्या कायद्यात अठराच्या आतलं ते मूल, आणि त्याच्या माहितीला संमती पालकांनी द्यायची. म्हणजे विचारणार आपण, 'हो' म्हणणार आपण. पोरं मधे येत नाहीत.

दिवाळी हा तुमचा मुख्य हंगाम. इथे पोरांवर विसंबून राहू नका. माझ्या दोघांनी यंदा जिन्याखाली किल्ला केला. विटांचे तुकडे, वरून ओलं पोतं, त्यावर पलीकडच्या बांधकामावरून 'आणलेली' लाल माती. उतारावर हळीव पेरले, ते एकाच कोपऱ्यात उगवले, कारण धाकट्याने सगळी मूठ तिथेच रिकामी केली. महाराज सिंहासनावर बसले होते ते ठीक, पण महादरवाज्यात पहाऱ्याला एक हिरवा प्लॅस्टिकचा डायनासोर उभा होता आणि बुरुजावर एक रुग्णवाहिका. धाकट्याचं म्हणणं, तो किल्लेदार आहे आणि तो रात्री झोपत नाही. आता २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या यादीत डायनासोर कुठेही नाही. असल्या किल्ल्याचा व्हिडिओ टाकून इतिहासप्रेमींच्या तोंडी कोण लागणार? तेव्हा सरळ बाजारातून तयार किल्ला आणा, मुलांच्या गालाला बेताची माती लावा, त्यांना शेजारी उकिडवं बसवा. डायनासोर हटवल्यावर धाकटा भोकाड पसरेल. त्याला उचलून घेण्याआधी एकदा बघून घ्या, रडणं चांगलं आलंय का. रडक्या मुलांचे व्हिडिओ हसऱ्यांपेक्षा जास्त फिरतात.

काही प्रसंगांचा मात्र काहीच उपयोग होत नाही, त्यांवर वेळ घालवू नका. उदाहरणार्थ ताप. रात्री दोनच्या सुमाराला धाकट्याला उलटी होते, ती बरोबर थोरल्याच्या उशीवर. तुम्ही चादर ओढताय, बाबा थर्मामीटर शोधतोय, तो नेहमीच्या जागी नाही कारण गेल्या आठवड्यात तो रॉकेट होता. तेवढ्यात थोरला न सांगता उठून बादली आणतो. अर्धी मोरीतच सांडतो. मग धाकट्याला भिंतीकडची जागा देतो, जिच्यासाठी त्याने त्याच संध्याकाळी त्याला चावा घेतलेला असतो, आणि 'उद्या लिफ्ट तू दाब' एवढं बोलून झोपतो. उजेड पिवळट, तुमचा गाऊन फाटका, केस सुटलेले, मागे ओल्या चादरी. ह्यातलं काही टाकता येत नाही. कुणाच्या हातात मोबाईलही नसतो.

अशी दहा-बारा वर्षं गेली की एक दिवस थोरल्याला तेरा पूर्ण होतील. तो स्वतःचं खातं उघडेल आणि त्यावर पहिलं काम तुम्हाला ब्लॉक करण्याचं करेल. दुसऱ्या दिवशी धाकट्याला ते कसं करायचं हे शिकवेल. या एका बाबतीत दोघांत भांडण होणार नाही. त्यांचे अंगठे चोखतानाचे, पॉटीवरचे, गणपतीत धोतर सुटलेले फोटो वर्गात फिरलेले असतील, आणि ते तुम्हीच सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. अशा वेळी रडारड नको, तयारी हवी. आजच एक बनावट खातं उघडून ठेवा. नाव काहीही, पण 'आई' हे अक्षरही त्यात नको. फोटोच्या जागी मोटारसायकल किंवा क्रिकेटची बॅट. अधूनमधून सामन्याबद्दल चार ओळी लिहीत जा म्हणजे खातं जुनं दिसेल. मुलाने विनंती स्वीकारली की दोन आठवडे गप्प राहा. त्याच्या फोटोला पहिल्या मिनिटाला बदाम देऊ नका. आया तिथेच पकडल्या जातात. आणि काहीही झालं तरी, खाली 'जेवलास का?' असं लिहू नका.