"पाच वर्षांपर्यंत थांबा" या मेसेजला लहान मुलांच्या एका डॉक्टरचं उत्तर

गेल्या महिनाभरात माझ्याकडे येणाऱ्या चार आयांनी मला एकच मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मॅडम, हे खरं आहे का?" मेसेजचा सारांश असा: दोन वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून घाबरू नका. आइनस्टाईनही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. पूर्वी असल्या चाचण्या कोणी करत नव्हतं, तरी सगळे शिकलेसवरले. आता लस द्यायला गेलं की डॉक्टर प्रश्नावली भरायला लावतात, पोराला ऑटिझमचा (स्वमग्नतेचा) शिक्का मारतात आणि थेरपीचा धंदा सुरू होतो. परदेशातल्या तज्ज्ञांचाही याला विरोध आहे. पाच वर्षांपर्यंत थांबा, सगळं आपोआप होतं.

चौघींना मी फोनवर थोडक्यात उत्तर दिलं, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. तालुक्याच्या गावी वीस वर्षं मी लहान मुलं तपासते आहे. या मेसेजमधल्या जवळपास प्रत्येक वाक्यामागे मला ओळखीचे चेहरे दिसतात. म्हणून सविस्तर लिहिते.

"आइनस्टाईन चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता"

तो उशिरा बोलायला लागला, हे खरं आहे. त्याने स्वतःच उतारवयात एका पत्रात तसं लिहिलं आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याने पत्राचा उरलेला भाग गाळला. मी उशिरा बोलू लागल्यामुळे आईवडिलांना काळजी वाटली आणि त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला, असं आइनस्टाईन त्यात सांगतो. म्हणजे १८८० च्या दशकातल्या त्या जर्मन घराने तेच केलं, जे करू नका असं हा मेसेज सांगतो.

उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे छान बोलतात, हेही मी मान्य करते. "याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले" असं आजी सांगते तेव्हा ती खोटं बोलत नसते. अडचण एवढीच आहे की दीड वर्षाच्या वयात कोणतं मूल आपलं आपण सावरेल आणि कोणतं नाही, हे नुसतं शब्द मोजून कळत नाही. त्यासाठी बाकीचं पाहावं लागतं. नावाने हाक मारल्यावर मूल वळून बघतं का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का? उडणारा कावळा किंवा रस्त्यावरची गाय दिसली की "तू पण बघ" अशा नजरेने आईकडे बघतं का? आपण हाताने खूण न करता "चप्पल आण" म्हटलं तर कळतं का? जे मूल हे सगळं करतं आणि फक्त बोलत नाही, त्याची गोष्ट वेगळी. जे यातलं काहीच करत नाही, त्याची वेगळी. मेसेजने दोघांनाही एकच सल्ला दिला आहे.

"पूर्वी कोणी चाचण्या करत नव्हतं, तरी सगळे शिकले"

सगळे शिकले नाहीत. जे शिकले ते आज ग्रुपवर मेसेज पाठवू शकतात, म्हणून तसं वाटतं. प्रत्येक गावात कोणाला तरी "मुका", "वेडसर", "मंद" म्हटलं जायचं. त्यातल्या कित्येकांना नुसतं ऐकू येत नव्हतं. ती माणसं घराच्या मागच्या खोलीत राहिली, शाळेच्या पटावर कधी आलीच नाहीत, आणि आपण त्यांना हिशोबात धरलं नाही.

आज मोजणी झाली आहे. २०१८ साली भारतातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षं वयाच्या जवळपास ४ हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. आपल्या शेजारचा उत्तर गोवा त्यात होता. ऐकणं, बघणं, बोलणं, समजणं, फिट्स, ऑटिझम अशा सात प्रकारच्या अडचणींपैकी किमान एक असणाऱ्या मुलांचं प्रमाण सहा वर्षांखालच्या गटात ठिकाणानुसार २.९ ते १८.७ टक्के निघालं.

आणि "पूर्वी कोणी करत नव्हतं" हेही चूक आहे. बडोद्यात प्रमिला फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बाळांच्या वाढीचे टप्पे कित्येक दशकांपूर्वीच बारकाईने नोंदवून ठेवले. त्या कामातून तयार झालेली चाचणी आजही आपल्याकडे वापरली जाते.

"पाच वर्षांपर्यंत थांबा"

या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे.

काही वर्षांपूर्वी साडेतीन वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आणली होती. बालवाडीच्या बाईंनी पाठवलं होतं. मुलगी हसरी, चुणचुणीत, पण बोलणं शून्य. घरचे म्हणत होते, "ऐकू येतं हो तिला, दार आपटलं की दचकते." दार आपटल्याचा हादरा ज्याला काहीच ऐकू येत नाही त्यालाही जाणवतो. तोंडाकडे, हातवाऱ्यांकडे बघून ती घरात इतकं अचूक समजून घ्यायची की कोणाला शंकाच आली नाही. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, केली तेव्हा दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसल्याचं दिसलं. आईने वेखंड उगाळून जिभेला लावलं होतं, देवाला नवस बोलला होता, आणि थांबली होती. तिला थांबायला सांगणारे खूप जण होते.

त्या मुलीच्या सगळ्या लसी माझ्याकडेच झाल्या होत्या. नवव्या महिन्याची, दीड वर्षाची, सगळ्या. दर वेळी मी वजन केलं, सुई टोचली, कार्डावर सही केली. ती हाकेला वळते का, हे मी विचारलं नाही. आईने आपणहून सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. ते कार्ड माझ्या नजरेसमोरून हलत नाही.

बहिरेपणाच्या बाबतीत जगभरचे डॉक्टर १-३-६ हा नियम पाळायचा प्रयत्न करतात: पहिल्या महिन्याच्या आत ऐकण्याची चाळणी (म्हणजे प्राथमिक तपासणी), तिसऱ्या महिन्याच्या आत पक्कं निदान, सहाव्या महिन्याच्या आत श्रवणयंत्र आणि उपचार सुरू. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा नंतर निदान झालेल्यांपेक्षा बरीच चांगली राहते, हे १९९८ सालीच दिसून आलं आहे. भाषा शिकण्यासाठी मेंदू सगळ्यात तयार असतो ती पहिली काही वर्षं. थायरॉइड कमी असलेल्या बाळाच्या बाबतीत तर महिने नाही, दिवस मोजावे लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल शाळेत इतरांसारखं शिकतं. पाच वर्षांनी तीच गोळी दिली तर गेलेली बुद्धी परत येत नाही.

थांबणं कुठे चालतं, हेही सांगते. अकरा महिन्यांचं मूल चालत नाही म्हणून धास्तावलेल्या आया मी रोज बघते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी केली, तेव्हा आधाराशिवाय चालण्याचं वय ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं दिसलं. तिथे मी स्वतः "थांबा, बघू" म्हणते. पण ते थांबणं पुढची तारीख ठरवून असतं.

"ऑटिझमचा शिक्का मारतात"

ही भीती मला समजते. ज्या घरात लग्नं जमवताना सातव्या पिढीची चौकशी होते, तिथे एका कागदावरची खूणही जड जाते. पण चाळणी म्हणजे निदान नाही. चाळणीत राहतो तो खडाच असतो असं नाही, तो हातात घेऊन बघायचा असतो.

दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी जी प्रश्नावली सर्वांत जास्त वापरली जाते, ती एम-चॅट, तिच्यात २० प्रश्न आहेत, हो किंवा नाही अशी उत्तरं. गुण ० ते २ आले तर तेव्हापुरता विषय तिथेच संपतो. ३ ते ७ आले तर ज्या प्रश्नांवर अडखळलं ते पुन्हा सविस्तर, उदाहरणं देऊन विचारायचे. पुष्कळ मुलं इथेच बाहेर पडतात, कारण आईला प्रश्न नीट कळलेला नसतो. ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञाकडे. २०१४ साली १६ हजारांहून जास्त अमेरिकी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही टप्पे पार करून जी मुलं चाळणीत राहिली, त्यातल्या ४७.५ टक्के मुलांत पुढच्या तपासणीत ऑटिझम निघाला. हा आकडा दाखवून कोणी म्हणेल, बघा, निम्म्यांना उगाच घाबरवलं. पण त्याच अभ्यासाप्रमाणे या गटातल्या ९४.६ टक्के मुलांच्या विकासात काही ना काही उशीर किंवा काळजीचं कारण होतं. ऑटिझम नसेल तर बोलण्याची अडचण होती, किंवा समजण्याची. घाबरवलेली मुलं थोडी निघाली, मदत लागणारी बहुतेक सगळी.

शिक्का तसाही बसतोच. "आगाऊ", "हट्टी", "लक्ष नसतं", "आईने लाडावलंय" हे शिक्के निदानाआधीच बसलेले असतात, आणि त्यांच्यावर उपचार म्हणून मार मिळतो.

"थेरपीचा धंदा"

धंदा करणारे आहेत. ऑटिझमसाठी स्टेम सेलचं इंजेक्शन, लाखाचं पॅकेज, "सहा महिन्यांत बरा" असली जाहिरात दिसली की तिथून उठून या. त्याला आधार नाही. पण म्हणून चाळणीलाच धंदा म्हणणं चूक आहे. एम-चॅट फुकट आहे. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने मुलांचा विकास तपासायला केलेला तक्ता १७ बाबींचा आहे, त्याला एक पेन आणि किल्ल्यांचा जुडगा लागतो, आणि तो अंगणवाडी ताईही करू शकतात. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावं, आणि ज्या मुलांत उशीर दिसेल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावं, अशी रचना आहे. तपासणी आणि उपचार मोफत. पथक आलं तेव्हा मूल मामाच्या गावी होतं, असं होऊ देऊ नका.

उपचार पुण्या-मुंबईतच मिळतात, हेही पूर्ण खरं नाही. गोव्यातली 'संगत' ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे मिळून एक प्रयोग झाला. तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांना मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते शिकवलं. आईवडील मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलंही आपणहून त्यांच्याशी जास्त संवाद साधू लागली.

"परदेशातल्या तज्ज्ञांचाही विरोध आहे"

मेसेजमधला एकच मुद्दा मला खरोखर विचार करायला लावणारा वाटला. २०१६ साली अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ समितीने म्हटलं की ज्या मुलांबद्दल कोणालाच शंका नाही, त्यांची सरसकट ऑटिझमसाठी चाळणी करण्याच्या बाजूने किंवा विरोधात पुरेसा पुरावा नाही. त्याच वर्षी कॅनडाच्या समितीने अशा मुलांत विकासाची सरसकट चाळणी नको असंच सांगितलं. तर अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना ९, १८ आणि ३० महिन्यांना विकासाची, १८ आणि २४ महिन्यांना ऑटिझमची चाळणी करा म्हणते. मतभेद खरा आहे.

पण कॅनडाचा सल्ला "ज्यांच्याबद्दल शंका नाही" त्यांच्यापुरता आहे. शंका असेल तर थांबा, असं कोणीही म्हटलेलं नाही. आणि शंका बोलून दाखवायला आपल्याकडे जागा कुठे आहे? सून सासूसमोर बोलत नाही, डॉक्टरसमोर रांग असते. फिलाडेल्फियात सुमारे २ हजार मुलांवर झालेल्या २०१३ सालच्या प्रयोगात नुसत्या डॉक्टरच्या नजरेला १३ टक्के मुलांत उशीर दिसला. प्रश्नावली दिलेल्या दोन गटांत तो २३ आणि २७ टक्के मुलांत दिसला. म्हणून माझ्या नजरेवर माझा पूर्वीइतका भरवसा उरलेला नाही.

त्या मुलीनंतर मी पद्धत बदलली. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाला आणि दीड वर्षाच्या बूस्टरला येणाऱ्या प्रत्येक आईच्या हातात सिस्टर आधी प्रश्नावलीचा कागद देते. वाचता येत नसेल तर शेजारी बसून विचारते. लसीनंतर अर्धा तास थांबायचंच असतं, त्यात हे होतं. माझ्या व्यवसायातले मित्र वेळ नाही म्हणतात. माझी पाचच मिनिटं जातात, तीही फक्त गुण जास्त आले तर.

त्या चार आयांपैकी एकीने मेसेजखाली आणखी एक ओळ लिहिली होती: "आमचा वीस महिन्यांचा आहे, हाक मारली तर बघत नाही, पण आत्या म्हणतात होईल." तिला मी गुरुवारी बोलावलं आहे. लसीचं कार्ड आण, आणि आत्यांनाही सोबत घेऊन ये, असं सांगितलं आहे.