हत्ती कोणाचा आहे?

काल कुत्र्यांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने खणखणीत आवाजात विचारलं, "हत्ती कोणाचा आहे? हत्तीला आणा वजनाला!" आणि अख्ख्या वेटिंग रूमच्या माना वळल्या आणि मी स्वेटरच्या आतून चिवावाचं पिल्लू बाहेर काढलं. नाव मुलांनी ठेवलंय. घरात मतदान झालं होतं, दोन विरुद्ध दोन, मग ज्यांना जास्त वेळ किंचाळता येतं ते जिंकले.

त्यात तिथला वजनकाटा जमिनीवरचा, दांडगे कुत्रे उभे करायचा. हत्तीला त्यावर ठेवलं तर काट्याने शून्य दाखवलं. उचलून परत ठेवलं, परत शून्य. म्हणजे सरकारी भाषेत सांगायचं तर माझं कुत्रं अस्तित्वातच नव्हतं.

समोरच्या बाकावर एक काका बसले होते. पायाशी त्यांचा वासराएवढा ग्रेट डेन निपचित पडलेला, इतका शहाणा प्राणी मी पाहिला नाही, आणि त्याच्या वाट्याचं सगळं भुंकणं काकांनी स्वतःकडे घेतलेलं.

"हा हत्ती? मग उंदीर घरी ठेवून आलात वाटतं!"

मी हसले. हसायलाच लागतं. पण काकांना तेवढ्याने समाधान नाही, त्यांनी तोच विनोद शेजारच्या मांजरवाल्या बाईंना सांगितला, मग फोन लावून कोणालातरी सांगितला, "अरे इथे एक हत्ती आलाय" इथपासून सुरुवात करून. मी समोरच बसलेली होते. फोन ठेवून परत माझ्याकडे.

"घरात लहान पोरं आहेत का? सांभाळून हां ताई. चावेल."

"पोरांपासून यालाच सांभाळावं लागतं काका."

"कुत्र्याला?" काकांनी बाकीच्यांकडे साक्षीदार जमवल्यासारखं पाहिलं. "अहो, कुत्रं घर राखायला आणतात. आता याला राखायला दुसरं कुत्रं आणा."

मी समजावत बसले, हा माझा स्वभाव. म्हटलं, जातीच्या स्टँडर्डमध्येच याचं मोठेपणीचं वजन १ ते ३ किलो लिहिलंय आणि माझा मुलगा सोफ्यावरून सूर मारतो तेव्हा खाली कोण झोपलंय हे बघत नाही. म्हटलं, या छोट्या जातींचे पुढचे पाय नुसत्या सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात, आणि मनगटाजवळच्या त्या हाडाला रक्तपुरवठा कमी म्हणून ते लवकर जुळतही नाही. टाळूचं म्हटलं तर बऱ्याच चिवावांची डोक्याच्या मधोमध मऊ राहते, तान्ह्या बाळासारखी, आणि नेमकं तिथेच बोट टेकवून "हे काय आहे?" विचारायची पोरांना हौस.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सोफा काढून टाका."

राग याचा आला की आम्ही जवळजवळ तेच केलंय. सोफ्याच्या गाद्या जमिनीवर आल्यात, लाकडी सांगाडा भिंतीला टेकून उभा आहे आणि घरात कोणी आलं की त्याला वाटतं आम्ही घर बदलतोय. पण हे काकांना सांगितलं असतं तर परत फोन लागला असता, म्हणून गप्प बसले.

"आमच्या याला पोरं घोडा घोडा करतात," काका म्हणाले, "पडू दे, झडू दे, हाडं घट्ट होतात." ग्रेट डेनने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. कुत्र्याच्या पाठीवर बसणं त्या कुत्र्यालाही बरं नाही, कितीही मोठा असला तरी, पण तोपर्यंत आतून मांजरांचा काटा आला आणि हत्तीचं वजन एकदाचं कागदावर लागलं. काका वाकून आकडा वाचून गेले. मुद्दाम उठून.

बरं, घरात सुरक्षेसाठी जाळीचं कुंपण आणलंय. पिल्लू आत, मुलं बाहेर अशी योजना. पहिल्याच आठवड्यात धाकटा आत जाऊन बसला कारण "आत मस्त आहे", पिल्लू बाहेर आलं आणि आता बऱ्याचदा तशीच व्यवस्था असते. खरं सांगू का, जास्त सोयीची आहे.

झोपेचं तर विचारूच नका. एवढंसं पिल्लू दिवसाचे १८-२० तास झोपतं आणि मुलांना ते बघवत नाही. दर थोड्या वेळाने उठवतात. का उठवलं? "मेलाय का बघत होतो." दमवून चालत नाही, उपाशी ठेवून चालत नाही, कारण या जातींच्या पिल्लांच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा जेमतेम असतो, तीन-चार तासांनी थोडं खायला द्यावं लागतं, नाहीतर साखर उतरते, थरथरतात, झिंगल्यासारखे चालतात. तसं झालं तर हिरड्यांना मध चोळायचा आणि दवाखाना गाठायचा, असं डॉक्टरांनी मुलांदेखत सांगितलं. तेव्हापासून लेकीलाही अभ्यासाच्या वेळी थरथरायला होतं आणि ती मधाच्या बाटलीकडे बघते.

चॉकलेट, मनुका, शुगरफ्री च्युइंगम, सगळं वरच्या फळीवर गेलंय. शुगरफ्रीमधलं झायलिटॉल कुत्र्याला चॉकलेटपेक्षाही लवकर भोवतं, हे ऐकल्यापासून नवऱ्याच्या खिशांची झडती सुरू आहे. लेगोचे तुकडे मात्र कुठल्याच फळीवर राहत नाहीत. ते जमिनीवरच उगवतात.

आणि एक मला खरंच खुपतं. पिल्लू ओठ चाटतं, झोप नसताना जांभया देतं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं, म्हणजे ते सांगत असतं की बास आता. लोकांना वाटतं भूक लागलीय, झोप आलीय, फोटो काढा. मग गुरगुरलं की "वाईट सवय, फटका द्या." अहो, गुरगुरतंय म्हणजे चावायच्या आधी कळवतंय, तेवढी सभ्यता आपल्यात तरी आहे का? फटका देऊन ते बंद केलं की पुढच्या वेळी न कळवता चावेल, आणि तेव्हा पोराने काय केलं होतं हे कोणी विचारणार नाही.

म्हणून घरात दोन नियम केलेत. हत्तीला घ्यायचं असेल तर जमिनीवर बसून मांडीत घ्यायचं, उभ्याने उचलायचं नाही. आणि झोपलेल्या हत्तीला उठवायचं नाही. मुलं स्वतः पाळतात की नाही हा वेगळा विषय, पण लोकांकडून पाळून घेण्यात लेकीचा हात कोणी धरणार नाही.

आज दुपारी मामा आले. आईचे चुलतभाऊ, गुडघ्यांनी बेजार. पिल्लू बघून "आण बरं इकडे" म्हणाले. लेक म्हणाली, "आधी खाली बसा." मामांना वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. मामा हुं हुं करत बसले, हत्ती त्यांच्या मांडीत गेला, एक गिरकी घेतली आणि झोपला. मग लेकीने दुसरा नियम सांगितला.

बराच वेळ गेला. मी दोनदा म्हटलं, मामा, उचलते मी त्याला, तर लेक अशी आडवी आली की मामाच म्हणाले, राहू दे. शेवटी हत्ती आपल्या मर्जीने उठला, मामांना मी आणि नवऱ्याने दोन बाजूंनी धरून उभं केलं, आणि ते चप्पल घालून न बोलता निघाले. संध्याकाळी आईचा फोन. म्हणे, मामा सांगत होते तुझ्याकडे माणसांना खुर्ची नाही पण कुत्र्याला कुंपण आहे. मी म्हटलं, कुंपणात कुत्रा नसतोच, तिथे तुझा नातू असतो. तर तिने फोनच ठेवला.