मोबाईलच्या जीपीएसवर बांध ठरत नसतो भाऊ

सध्या एक फॉरवर्ड आपल्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. थोडक्यात असं की जिओडसी, म्हणजे पृथ्वीचा आकार न् जागा-उंच्या अचूक मोजायचं शास्त्र, ही श्रीमंत देशांची हौस आहे, इंग्रजांनी सगळं मोजून ठेवलंय, जमीन काही हलत नाही, आता तर प्रत्येकाच्या खिशात फुकट जीपीएस आहे, मग कॉर्स स्टेशन न् रोव्हर असल्या जमीन मोजायच्या यंत्रांवर पैसा कशाला, तेवढ्यात मराठवाड्यात विहिरी पाडा. खाली नेहमीचं 'पटलं तर पुढे पाठवा'. मला पटलं नाही तरी पुढं पाठवतोय, उत्तर जोडून.

आधी खिशातला जीपीएस, कारण हाच मुद्दा लोकांना खरा वाटतो. साधा मोबाईल मोकळ्या रानात, आभाळ स्वच्छ असताना सुद्धा पाचेक मीटर इकडं-तिकडं दाखवतो, लिंबाखाली उभं राहिलात तर अजून जास्त. आता गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, दहा मीटरची बाजू धरा. शंभर मीटर लांबीच्या बांधावर पाच मीटरची चूक म्हणजे जवळपास पाच गुंठे गेले, आणि आपल्याकडं वीतभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. रोव्हर, म्हणजे मोजणीवाला शेतात फिरवतो ते यंत्र, पण त्याच उपग्रहांचा सिग्नल घेतो, फरक एवढाच की त्याला कॉर्स स्टेशनची साथ असते. कॉर्स म्हणजे पक्क्या जागी बसवलेला रिसिव्हर, त्याची स्वतःची जागा आधीच बारकाईनं मोजलेली, त्यामुळं या घडीला सिग्नलमध्ये किती गडबड आहे ते त्याला कळतं न् तो ती दुरुस्ती रोव्हरला पाठवतो, आणि चूक मीटरवरून काही सेंटिमीटरवर येते. आणि हो, तुमचा फुकटचा जीपीएस तरी कशावर चालतो? उपग्रह नेमका कुठंय हे जमिनीवरच्या स्टेशनांवरून सतत मोजत बसावं लागतं, तेच तर जिओडसीवाल्यांचं काम.

उंचीचं तर फॉरवर्डवाल्याच्या डोक्यातच आलेलं दिसत नाही. जीपीएस मुळात जी उंची काढतं ती गणितानं आखलेल्या गुळगुळीत पृथ्वीपासूनची असते, आणि पाणी काही ते गणित बघून वाहत नाही, ते गुरुत्वाकर्षण बघून वाहतं. त्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबानं जी समपातळी येते तिला जिओइड म्हणतात. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रात ती गुळगुळीत पृथ्वीच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे, जगात सगळ्यात खोल तिथंच, आणि आपल्या मराठवाड्यात सुद्धा फरक पन्नास मीटरच्या वर भरतो. बरं तो सगळीकडं सारखा असता तर वजा करून मोकळं झालो असतो, पण पैठणला एक न् परभणीला वेगळा. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, असल्या कालव्याचा उतार किलोमीटरला काही सेंटिमीटर एवढाच असतो. तिथं लेव्हल चुकली की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या नशिबी नुसतं पाण्याच्या पाळीचं पत्रक, पाणी नाही. धरणाचं पण तेच. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, १५२२ फुटाला भरला हे आपल्याकडं पोरंसोरं सांगतात. पाण्याचा पसारा ३०० चौरस किलोमीटर धरला तर एका सेंटिमीटरला ३०० कोटी लिटर पाणी इकडचं तिकडं होतं, आणि वरच्या धरणांतून किती सोडायचं याचं भांडण दरवर्षी याच आकड्यांवर चालतं.

इंग्रजांनी मोजलं, हे खरंय. लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ ला मद्रासहून सुरुवात केली, १८१५ ला बीदरजवळ, म्हणजे आपल्या उदगीर-देगलूरच्या शेजारीच, आधाररेषा मोजली, १८२३ ला हिंगणघाटला वारला. काम अफाटच होतं. पण तो सांगाडा होता, त्यात तुमचा गट नंबर नव्हता. शेतांचं दफ्तर आपल्याकडं निजामाचं, उर्दू न् मोडीतलं. शिवाय इंग्रजांनी धरलेला पृथ्वीचा आकार एव्हरेस्ट नावाच्या सर्वेक्षकानं काढलेला, भारतापुरता बेतलेला, तो आजच्या जीपीएसच्या पृथ्वीवर जशाला तसा बसत नाही, जुना नकाशा सरळ मोबाईलवर टाकला की सगळं सरकतं.

जमीन हलत नाही हे मराठवाड्यातल्या माणसानं लिहावं? ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. एवढं पुरे. आणि भूकंप नसला तरी अख्खा भारत वर्षाला पाचेक सेंटिमीटर ईशान्येकडं सरकतोय, किल्लारीपासून आजपर्यंत दीड मीटरच्या वर. शेजाऱ्याचं शेत पण बरोबरच सरकतं म्हणून बांधाचं भांडण त्यानं होत नाही, पण तेव्हाचे को-ऑर्डिनेट्स, म्हणजे जागा सांगणारे आकडे, न् आताचे जुळवायचे तर मोजणीची तारीख न् हा सरकण्याचा हिशोब दोन्ही लागतात.

श्रीमंतांची हौस म्हणाल तर २०१५ च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं जिओडसीवर ठराव केला, शाश्वत विकासासाठी सगळ्या जगाची मोजणीची चौकट एकच असावी असा, आणि त्यात पुढाकार फिजीचा होता. फिजी कधीपासून श्रीमंत झालं?

राहिल्या विहिरी. पाडा की, पण जमिनीखाली पाणी शिल्लक किती हे बघायचं का नाही? २००२ ला सोडलेले ग्रेसचे दोन उपग्रह एकमेकांतलं अंतर मोजत फिरायचे, खाली वस्तुमान कमी झालं की ते अंतर बदलायचं, त्यावरूनच पंजाब-हरियाणाकडचं भूजल उपसून चाललंय हे दिसलं. पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरची, तुमच्या तालुक्यातली विहीर त्यांना दिसत नाही, तिथं भूजल सर्वेक्षणच्या निरीक्षण विहिरीच लागतात. म्हणून दोन्ही पाहिजेत. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या भागात पाण्याचा हिशोब ठेवणं ही हौस म्हणायची तर मग गरज कशाला म्हणायचं?

एका बाबतीत मात्र फॉरवर्डवाल्याचा राग मला कळतो. यंत्रं आली तरी मोजणीची तारीख लवकर मिळत नाही न् फी भरून माणूस हेलपाटे घालतो. पण त्यावर उपाय रोव्हर बंद करणं नाही, माणसं वाढवणं आहे. तुमची मोजणी होईल तेव्हा मोजणीच्या नकाशाची क प्रत हातात घेताना हद्दीच्या खुणांचे को-ऑर्डिनेट्स त्यावर आहेत का बघा, नसतील तर तिथंच मागा.