महाबळेश्वरात भोजपत्र? एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

सातारा आणि वाई परिसरातील व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. महाबळेश्वर-कोयनेच्या जंगलात भूर्ज, म्हणजेच भोजपत्राची झाडे पूर्वापार आहेत, थंड हवेमुळे ती इथे सहज वाढतात, म्हणून यंदाच्या पावसाळ्यात त्यांची रोपे लावावीत आणि साल काढल्याने झाडाला कोणताही अपाय होत नाही, असे त्यात ठासून सांगितले आहे. सोबत पापुद्रे सुटलेल्या पांढुरक्या खोडाचे छायाचित्रही आहे.

ते छायाचित्र कांडोळाचे आहे. सातारा-सांगलीकडच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर वाढणारे हे झाड उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण होते आणि त्याचे गुळगुळीत पांढरे खोड लांबूनही नजरेत भरते, म्हणून काही भागांत त्याला भुत्या म्हणतात. त्याचे पान हाताच्या पंजासारखे पाच खंडांचे असते आणि फळांवर खुपणारी लव असते. भूर्जाचे पान मात्र साधे, दातेरी कडांचे असते. सालीवर आडव्या बारीक रेघा असतात आणि ती कागदासारख्या थरांनी सुटते.

‘थंड हवा’ हा संदेशातला खरा कळीचा मुद्दा, आणि तोच सर्वांत लंगडा आहे. भोजपत्र हिमालयात साधारण 3,000 ते 4,000 मीटरवर, वृक्षरेषेजवळ, म्हणजे ज्या उंचीच्या वर झाडे वाढत नाहीत तिच्याजवळ वाढते. गंगोत्रीच्या वरच्या भोजबासाला नावच त्याच्यावरून मिळाले. महाबळेश्वरातील सर्वांत उंच विल्सन पॉइंट सुमारे 1,440 मीटर आहे. वेण्णा तलावाकाठी कधीमधी दवबिंदू गोठले की त्याची बातमी होते. परंतु ते हिमकण ऊन वर येताच विरघळतात, तर भूर्ज कित्येक महिने बर्फात सुप्तावस्थेत राहतो आणि वसंतात बर्फ वितळून मिळणाऱ्या ओलाव्यावर पालवतो. आपल्याकडे त्याच सुमारास, एप्रिल-मे महिन्यांत, जांभ्याचा माथा तापून कोरडा पडलेला असतो. पावसाळ्यात कोसळलेला पाच हजारांहून अधिक मिलिमीटर पाऊस तेव्हा भूर्जाच्या कामी येत नाही. भूर्ज कुळातील आणखी एक जात हिमालयात कमी उंचीवर वाढते, हे मान्य. पण सह्याद्रीत तीही निसर्गतः आढळत नाही.

समजा, बी कोणी आणून टाकलेच, तरी अडचण संपत नाही. हिमालयात हे झाड देवदारवर्गीय सूचिपर्णी वृक्ष आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या सोबतीने मिश्र जंगलात दिसते खरे, पण त्याला उजेड लागतो. वाऱ्यावर उडणारे त्याचे इवलेसे पंखधारी बी दरड कोसळलेल्या किंवा हिमस्खलनाने मोकळ्या झालेल्या उतारावर पडले, तर चांगले रुजते. महाबळेश्वरच्या अंजनी, जांभूळ आणि पिसा यांच्या दाट सदाहरित सावलीत त्याचा निभाव लागणे कठीण.

रोपे लावायचीच असतील, तर हिरडा आणि जांभूळ ही इथलीच झाडे आहेत आणि त्यांना हा पाऊसही सोसतो.

राहिला सालीचा मुद्दा. वरचे सुटे पापुद्रे निघाले, तर झाड तगते. मात्र सुरी खोलवर गेली, की अन्नरस वाहून नेणारी आतील साल कापली जाते आणि खोडाभोवती पूर्ण वर्तुळ सोलले, तर झाड मरते. हिमालयात भूर्जाची वने विरळ होण्यामागे चराई आणि सरपणासाठीची तोड यांच्या जोडीला ही साल ओरबाडण्याची सवयही आहे, त्यामुळे संदेशातले हे वाक्य गंगोत्रीच्या यात्रेला निघालेल्या कोणालाही पुढे पाठवू नये.