उपाशी राहून बिंज ईटिंग बरं होत नाही

सध्या एक संदेश या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बिंज ईटिंग (ताबा सुटून एका बैठकीत प्रचंड खाणं) हा आजार नाही, डोपामिनचं, म्हणजे मेंदूतल्या ओढ लावणाऱ्या रसायनाचं, व्यसन आहे. गोड खाऊन लेप्टिन या भूक आवरणाऱ्या हार्मोनचे रिसेप्टर (पेशींवरच्या निरोप झेलणाऱ्या जागा) 'झोपतात'. २१ दिवस साखर बंद आणि रोज १६ तास उपवास केला की ते 'रीसेट' होतात. ज्याला हे जमत नाही, त्याचा मनावर ताबा नाही. यातली रसायनांची नावं खरी असल्यामुळे तो लोकांना पटतो. पण त्यात सुचवलेला उपाय आजार वाढवणारा आहे, म्हणून हे उत्तर.

'आजार नाही' हे आधी खोडून काढू. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकर्ड यांनी १९५९ मध्येच या खाण्याचं वर्णन केलं होतं. २०१३ मध्ये डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान मिळालं. लग्नात चार जिलब्या जास्त खाल्ल्या, तर ते बिंज नव्हे. घरचे झोपल्यावर ओट्यापाशी उभ्या उभ्या डब्यातला चिवडा संपवायचा, मग शंकरपाळे, मग फ्रिजमधला गार भात. भूक नसते, चव कळत नाही, पोट दुखायला लागलं तरी हात थांबत नाही. नंतर रिकामी पाकिटं कचऱ्याच्या तळाशी दडपायची. आठवड्यातून निदान एकदा असं तीन महिने होत राहिलं, तर डॉक्टर या निदानाचा विचार करतात. किती खाल्लं याइतकंच थांबता आलं का, हेही महत्त्वाचं असतं.

डोपामिनचा यात हात आहे, हे खरं. पण 'डोपामिन जास्त झालं, ते उतरवा' हा हिशेब चुकतो. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजाराच्या मध्यम आणि तीव्र रुग्णांसाठी लिस्डेक्सॅम्फेटामिनला मंजुरी दिली. हे औषध मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढवतं, आणि तरी बिंज कमी होतात. (ते अ‍ॅम्फेटामिन गटातलं आहे, सवय लागू शकते, आणि वजन उतरवण्यासाठी ते नाहीच.)

आता रिसेप्टर. भूक आवरणाऱ्या साखळीत लेप्टिननंतर एमसी४आर नावाचा एक रिसेप्टर येतो. २००३ मध्ये एका अभ्यासाने खळबळ उडवली: अतिस्थूल रुग्णांपैकी ज्यांच्या एमसी४आर जनुकात दोष होता, ते सगळे बिंज करणारे निघाले. वाटलं, कारण सापडलं. पुढच्या अभ्यासांत मात्र तसा संबंध दिसला नाही. एका रिसेप्टरवर सगळं खापर फोडण्याचा मोह जाणत्या संशोधकांनाही आवरत नाही, तिथे फॉरवर्डची काय कथा! बहुतेक रुग्णांत असा जनुकीय दोष नसतो, आणि बरेच रुग्ण स्थूलही नसतात. शिवाय उपाशी राहिलं की रक्तातलं लेप्टिन झपाट्याने घसरतं आणि मेंदू भूक वाढवतो. म्हणजे ज्याला रीसेट म्हणतात, त्याने नेमकं उलटंच होतं.

ज्या हार्मोनबद्दल बोलायला हवं होतं, त्याचा संदेशात पत्ताच नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या केली क्लंप यांच्या अभ्यासांत दिसलं, की बीजोत्सर्गानंतरच्या दिवसांत, पाळीच्या आधी, बायकांमध्ये बिंजचं प्रमाण वाढतं. त्यामागे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची चढउतार आहे. २०१४ मध्ये उंदरांच्या माद्यांवरच्या प्रयोगात आढळलं, की इस्ट्रोजेन हे सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन बनवणाऱ्या चेतापेशींवरच्या रिसेप्टरमार्फत बिंजसारखं खाणं रोखतं. उंदरांवरून माणसाचं औषध लगेच निघत नाही. पण दर महिन्याला त्याच दिवसांत स्वतःला दोष देणाऱ्या बाईला हे कोणीतरी सांगायला हवं.

राहिला उपवास. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. नंतर जेवण मोकळं केल्यावर त्यांच्यातले काही जण प्रचंड खात सुटले आणि तरी समाधान होईना. मनावर ताबा नसलेले निवडून आणले होते, असं नाही. म्हणूनच ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या वर्तनोपचारात पहिलं मोठं पाऊल असतं ते ठरलेल्या वेळी तीन जेवणं आणि मधे दोन-तीनदा थोडं खाणं. खाण्यात मोठं अंतर पडू द्यायचं नाही. एकादशी, संकष्टी ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. पण बिंजचा त्रास असेल तर उपवासाआधी डॉक्टरांशी बोला.

'मनावर ताबा नाही' या टोमण्याबद्दल एवढंच: जुळ्यांवरच्या अभ्यासांत या आजाराचा बराच वाटा अनुवंशिक दिसतो, आणि तो पुरुषांनाही होतो.

तुमच्या ग्रुपवर हा संदेश आला, तर खाली १४४१६ हा आकडा टाका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.