सात बाय चारचं बाथरूम

प्राथमिक शाळेच्या गणितात एक खोली असायची. तिची लांबी-रुंदी दिलेली असे आणि अमुक मापाच्या फरशा किती लागतील, असं विचारलेलं असे. त्या खोलीला दार नव्हतं. खिडकी नव्हती. कोपऱ्यातून वरच्या मजल्याचा पाइप उतरत नव्हता, आणि टेम्पोतून उतरवताना एकही फरशी फुटत नसे. उत्तर नेहमी पूर्णांकात यायचं. ही गणितं रचणाऱ्यांनी स्वतःच्या घरी कधी फरशी बसवून घेतली नसावी, असा मला दाट संशय आहे.

आमचं बाथरूम सात बाय चारचं. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल आली आणि ते रोज सकाळी त्या ओलीचा ताजा फोटो दाखवायला वर येऊ लागले, तेव्हा जुन्या टाइल्स फोडून नव्या बसवायचं ठरलं. टाइल्स किती आणायच्या हा हिशोब मी स्वतःकडे घेतला. चारी भिंतींचा घेर 22 फूट, उंची 7 फूट, म्हणजे 154 चौरस फूट. दाराचे अडीच गुणिले सात, साडेसतरा वजा. खिडकी दोन बाय दीड, तिचे 3 वजा. उरले 133.5. टाइल बारा बाय अठरा इंची, म्हणजे दीड चौरस फुटाची. भागाकार केला तर बरोबर 89. पेटीत 6 टाइल्स, म्हणजे 15 पेट्या आणि वर एक टाइल शिल्लक. इतका देखणा हिशोब मी तरी कधी पाहिला नव्हता. कागद फ्रिजवर लावला.

मिस्त्री पाणी प्यायला फ्रिजपाशी आला, पण कागद त्याने वाचला नाही. बाथरूमच्या दारात उभं राहून एकदा आत पाहिलं आणि म्हणाला, "सतरा-अठरा सांगून ठेवा, साहेब."

"कशावरून?"

"बघितलं ना आत्ता."

दुकानात गेल्यावर कळलं की बारा बाय अठराची टाइल बारा बाय अठराची नसते. "बोलायला बारा-अठरा, शेठ. मापाला तीनशे-साडेचारशे," दुकानदार म्हणाला. मिलिमीटर, अर्थात. बारा इंच म्हणजे जवळजवळ 305 मिलिमीटर आणि अठरा म्हणजे 457. टाइल इकडून पाच आणि तिकडून सात मिलिमीटर कमी. मी नऊ चौरस फुटांची धरलेली पेटी 0.81 चौरस मीटरची, म्हणजे पावणेनऊलाही थोडी कमीच निघाली. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात. मोरबीत मिलिमीटर चालतो, बिल्डर फुटात बांधतो आणि वाळूवाला ब्रासमध्ये बोलतो. त्यात ब्रासही दोन प्रकारचा, वाळूचा शंभर घनफुटांचा आणि फरशीचा शंभर चौरस फुटांचा. या सगळ्यांची गाठ जिथे पडते ती जागा म्हणजे आपलं बाथरूम.

एक पेटी वाढली, हरकत नाही, म्हणून मी सोळा लिहिलं. दुकानदाराने माझ्या हातातलं पेन हलकेच काढून घेतलं. "असं नाय होत शेठ, लाइनीवर काढायचं." सात फुटांच्या भिंतीला आडव्या टाइल्स पावणेपाच लागतात, म्हणजे पाच. चार फुटांच्या भिंतीला पावणेतीनच्या आसपास, म्हणजे तीन. पाच, तीन, पाच, तीन, एका ओळीला सोळा. उंचीला सात ओळी. सोळा सत्ते एकशे बारा.

"आणि कापून उरलेले तुकडे?" मी विचारलं.

"ते तुमचेच."

चार बोटं रुंदीचा तो तुकडा तत्त्वतः दुसऱ्या कोपऱ्यात बसायला हवा. पण त्याची एक कड कारखान्याची असते आणि दुसरी कटरची, आणि कटरची कड चार लोकांत दाखवण्यासारखी नसते. दाराची वजाबाकी मी पुन्हा पुढे केली. त्यावर फोनवरून मिस्त्रीने निकाल दिला, "दाराचे धरू नका. ते तुटफुटीत जातात." साडेसतरा चौरस फूट दार तिथल्या तिथे फुटून गेलं.

इथपर्यंत प्रश्न निदान गणिताचा होता. मग बायकोने टाइल्स पसंत केल्या. हल्ली बाथरूमच्या टाइल्स एका रंगाच्या नसतात, त्यांचं कुटुंब असतं: खाली डार्क, वर लाइट आणि मध्ये एक ओळ हायलायटरची. आमच्या हायलायटरवर निळे मासे होते. आता तिघांच्या पेट्या वेगवेगळ्या मोजायच्या आणि प्रत्येक अपूर्णांकाला वेगळी पेटी. डार्कच्या तीन ओळी, आठ पेट्या. लाइटच्याही आठ. माशांच्या सोळा टाइल्स, म्हणून तीन पेट्या आणि दोन टाइल्सभर मासे जादा. एकूण एकोणीस. "मासे मिळतात का सुटे?" असं मी विचारल्यावर दुकानदाराने बायकोकडे सहानुभूतीने पाहिलं.

विसावी पेटी आईची. स्वयंपाकघरात ओट्याखाली एक पांढरी टाइल आहे. मागे वरवंटा पडून तिथली मूळची फुटली आणि तशी पुन्हा मिळाली नाही, म्हणून बसवलेली ही नवी शेजारणींपेक्षा थोडी पिवळट आहे. पाहुण्यांना दिसत नाही. आईला रोज दिसते. "एक पेटी लाइटची जास्त आण आणि माळ्यावर टाक," एवढंच ती म्हणाली. त्यावर कुणी वाद घातला नाही.

काम सुरू झालं तेव्हा मिस्त्रीने जमिनीवर एका भिंतीने तीन फुटांवर आणि दुसरीने चार फुटांवर खूण केली. दोन खुणांमध्ये टेप धरला. तो पाच फूट यायला हवा. आला पाच फूट एक इंच. "खोली गुण्यात नाही," तो म्हणाला. काटकोनाची ही कसोटी निदान शुल्बसूत्रांइतकी जुनी आहे, पण आमच्या बिल्डरपर्यंत ती पोचलेली नव्हती. म्हणजे प्रत्येक ओळीच्या टोकाची टाइल वेगवेगळ्या मापाने कापायची. जमिनीच्या टाइल्सचं तर सांगतच नाही, त्यांना वरून जाळीकडे उतारही लागतो.

आणि मग खिडकी. हिशोबातून मोठ्या दिमाखात वजा केलेली खिडकी. भिंतीच्या जाडीमुळे तिच्या चारी बाजूंना आत सहा-सहा इंचांच्या कडा असतात आणि त्यांनाही टाइल लागते. सात फुटांचा घेर, अर्ध्या फुटाची खोली: तीन चौरस फूट वाचवून साडेतीन खाल्ले. या कडा माझ्या कागदावर नव्हत्या, दुकानदाराच्या नव्हत्या, आणि 'बघितलं ना' म्हणणाऱ्यालाही दिसल्या नव्हत्या. नळाची भोकं पाडताना काही टाइल्स आधीच गेल्या होत्या. शेवटी लाइटच्या दोन कमी पडल्या.

"माळ्यावर पेटी आहे की," मिस्त्री म्हणाला.

"ती माळ्यासाठी आहे," आई म्हणाली.

दुकानात गेलो. तोच नंबर, तीच टाइल, पण लॉट नवा, त्यामुळे शेड किंचित पिवळी. सुट्या दोन मिळाल्या, हे त्याचे उपकारच. खिडकी डोळ्यांसमोर येते म्हणून मिस्त्रीने दारामागच्या दोन चांगल्या टाइल्स ओल्या सिमेंटवरून अलगद उचलून खिडकीला लावल्या आणि पिवळट दोन दारामागे बसवल्या. "दार उघडं असलं की झाकून जातात," तो म्हणाला. बाथरूम वापरताना दार उघडं ठेवायची आमच्या घरी पद्धत नाही, हे त्याला सांगेपर्यंत तो हात धुऊन चहाला बसला होता.