४१९ चा हिशोब

लेकीला विचारूनच लिहितेय. "माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही," म्हणाली.

१४ जून २०२५ ला, शनिवारी, नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला. ७२० पैकी ४१९. ती लॅपटॉपसमोर बसली होती, मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. तिनं आकडा बघितला, लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढायला लागली. कपडे अजून ओले होते. ओल्याच कपड्यांच्या घड्या घालून तिनं पलंगावर रचून ठेवल्या. आणि मी काय म्हणावं? "तरी मी डिसेंबरपासून सांगत होते, फिजिक्सकडे बघ म्हणून."

हे वाक्य माझ्या तोंडून निघायलाच नको होतं. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचं काहीच चुकलं नाही. ज्या आयाबापांच्या घरी पुढच्या वर्षी असा निकाल येईल त्यांना हात जोडून सांगते, त्या संध्याकाळी काही बोलू नका. चहा करा, जेवायला वाढा, शेजारी बसा. तुम्ही काय सांगत होतात ते मुलांना पाठ असतं.

त्या आठवड्यात फोन किती आले! बहुतेकांचा प्रश्न एकच, "पास झाली ना?" आता याला काय उत्तर द्यायचं? खुल्या प्रवर्गाची पात्रता यंदा १४४ गुणांवर होती. म्हणजे पात्र तर ती कधीच झाली. पण परीक्षेला बसलेली मुलं २२ लाखांहून जास्त, पात्र ठरलेली १२ लाखांहून जास्त आणि सगळ्या देशात मिळून एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. पात्र होणं आणि जागा मिळणं यात केवढं अंतर आहे हे ज्यांच्या घरात कुणी नीट दिलेली नाही त्यांना ठाऊक नसतं, त्यांचा दोष नाही. पण आत्याबाई पेढे मागत असताना पोर आतल्या खोलीत तोंडावर पांघरूण घेऊन पडलेली असते, हे बघणं फार कठीण असतं. सरकारी कॉलेजात आमच्या प्रवर्गातून एवढ्या गुणांवर काही होणार नव्हतं आणि खाजगी कॉलेजची फी आम्हा दोघांच्या पगारात बसत नाही.

ठाण्यातल्या माणसाला मेडिकल कॉलेज म्हटलं की आधी कळवा आठवतं, महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय. त्याला जोडून असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात माझ्या सासूबाई अकरा दिवस होत्या. लेक तेव्हा नववीत. शाळा सुटली की डबा घेऊन यायची. तिथं एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, जेमतेम तेवीस-चोवीसची असेल. सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून ती रोज त्यांच्या कानाशी वाकून, कुठली गोळी कशासाठी ते सांगायची. दोनदा, तीनदा सांगायची. लेकीनं डॉक्टर व्हायचं तिथं ठरवलं. आम्ही तिला कधी सुचवलंही नव्हतं. त्यामुळे "जाऊ दे गं, दुसरं काहीतरी कर" हे वाक्य माझ्या तोंडावर आलं तरी मी गिळलं.

निकालानंतर तिसऱ्याच दिवशी क्लासचा फोन आला. दोन वर्षं ज्या क्लासला आम्ही फी भरली तोच क्लास. नाव घेत नाही. "मॅडम, रिपीटर बॅचला आजच्या आज अॅडमिशन घेतलंत तर फीमध्ये सवलत देऊ." मी विचारलं, माझी मुलगी नेमकी कुठं कमी पडली ते सांगता का? त्या बाईंनी पुन्हा सवलतच सांगितली. मग विचारलं, बॅचमध्ये शिकवणार काय? म्हणाल्या, "सगळा सिलॅबस पहिल्यापासून." फोन ठेवला तेव्हा माझे हात थरथरत होते. दोन वर्षं मूल तुमच्याकडे रोज सहा तास बसलं, दर पंधरा दिवसांनी तुम्ही चाचणी घेतलीत, आणि ते कुठं अडतं हे तुम्हाला सांगता येत नाही? मग त्या चाचण्या घेतल्यात कशासाठी? गोखले रोडवरून जाताना फलकांवर हसरे चेहरे आणि मोठमोठे आकडे दिसतात. ती मुलं खरंच हुशार आहेत, त्यांचं कौतुकच आहे. पण फलकावर न आलेल्या मुलाच्या पेपरचं काय झालं हे कुणीतरी बसून बघायला हवं, आणि फी घेणाऱ्यानं तर बघायलाच हवं.

मी एका पतसंस्थेत हिशोब बघते. बावीस वर्षं झाली. महिनाअखेरीला तेरीज, म्हणजे जमा-नावेचा ताळा, जुळली नाही की नवीन आलेली मुलं खालच्या बेरजेकडे बघत बसतात, पुन्हा पुन्हा तीच बेरीज मारतात. तिथं फरक सापडत नाही. एकेक व्हाउचर काढून कीर्दीशी, रोजच्या जमाखर्चाच्या वहीशी, लावावं लागतं. तेव्हा कुठंतरी ५४ च्या जागी ४५ लिहिलेलं सापडतं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, आपण तीन दिवस घरात नुसते ४१९ कडे बघतोय.

पण लगेच तिच्यासमोर कागद मांडले नाहीत. आठ दिवस थांबलो. तिच्या बाबांनी तर निकालाचं नावच काढलं नाही. एका सकाळी तिला मामलेदारची मिसळ खायला घेऊन गेले, येताना दोघं तलावपाळीला बसून आले. काय बोलले ते मी विचारलं नाही. नवव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "आई, मला परत द्यायची आहे. पण परत तेच वर्ष नको."

या वाक्यासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली. पुन्हा परीक्षा द्यायची म्हणजे बहुतेक घरांत काय होतं? तोच क्लास, त्याच नोट्स, तेच पहिलं प्रकरण, फक्त झोप कमी आणि बोलणी जास्त. मुलाला जे येतं ते त्याला पुन्हा शिकवतात, त्यालाही बरं वाटतं कारण सगळं समजत असतं, आणि जे येत नव्हतं ते मार्च उजाडला तरी तसंच राहतं.

आम्ही जेवणाच्या टेबलावर तीन कागद मांडले. नीटची प्रश्नपुस्तिका घरी आणता येते, ती होती. ओएमआरची, म्हणजे गोळे भरून उत्तरं नोंदवायच्या कागदाची, स्कॅन प्रत आणि उत्तरसूची वेबसाइटवर मिळते. तिनं ओएमआर उतरवून घेतली होती, पण भीतीनं जुळवूनच बघितली नव्हती. मी वहीत रकाने आखले आणि म्हटलं, मी फक्त लिहीन, तू सांग. "का चुकलं" असं एकदाही विचारायचं नाही हे मी स्वतःला बजावलं होतं.

एकूण १८० प्रश्न, बरोबरला ४ गुण, चुकीला वजा १. तिचे बरोबर ११६, चूक ४५, सोडलेले १९. म्हणजे ४६४ वजा ४५, ४१९. विषयवार बघितलं तर बायोलॉजीत ९० पैकी ७० बरोबर, १८ चूक, २ सोडलेले. केमिस्ट्रीत ४५ पैकी २७ बरोबर, १५ चूक, ३ सोडलेले. फिजिक्समध्ये ४५ पैकी फक्त १९ बरोबर, १२ चूक आणि तब्बल १४ सोडलेले. यंदा फिजिक्स सगळ्यांनाच जड गेलं हे खरं, पण ते तेवढ्यावर सोडून चालणार नव्हतं.

मग त्या ४५ चुका एकेक करून घेतल्या. तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या संध्याकाळी सातव्या प्रश्नाला ती रडली. प्रश्नात "अयोग्य विधान ओळखा" होतं आणि तिनं योग्य विधान निवडलं होतं. ते चारही पर्याय तिनं मला तोंडपाठ समजावून सांगितले. मी वही मिटली, आम्ही वरण-भात खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. शेवटी असं निघालं: १३ प्रश्न वाचण्यात चुकलेले, ९ आकडेमोडीत घसरलेले, १५ अर्धवट आठवलेले, आणि जे मुळात येतच नव्हते असे फक्त ८.

हे वाचताना जरा थांबा. पहिल्या दोन रकान्यांतले २२ प्रश्न तिला येत होते. चुकलेला प्रश्न बरोबर झाला की फरक ४ चा पडत नाही, ५ चा पडतो, कारण वजा झालेला एकही परत येतो. २२ गुणिले ५, ११० गुण. सगळे हाती लागतील असं कुणी म्हणत नाही, अर्धे जरी आले तरी तिचा आकडा पावणेपाचशेच्या जवळ जातो. लेकीनं ती बेरीज स्वतः मारली, पेन खाली ठेवलं आणि निकालानंतर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "म्हणजे मी ढ नाहीये," म्हणाली. इतके दिवस ही पोर मनाशी काय बोलत होती ते मला तेव्हा कळलं.

सोडलेल्या १९ ची गोष्ट वेगळी. बायोलॉजी आधी सोडवायची तिला सवय. त्यात, तिच्या अंदाजानं, सव्वा तास गेला, केमिस्ट्रीत तासभर, आणि फिजिक्सला उरली पाऊण तासाच्या आतली वेळ. हातात घड्याळ चालत नाही, खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं असतं, आणि घरी ती कायम मोबाइलवर उलटी वेळ लावून बसायची. शिवाय पाच प्रश्नांत तिनं दोन पर्याय खोडले होते आणि उरलेल्या दोनांतला एक निवडायची हिंमत झाली नाही, निगेटिव्हची भीती. हा हिशोब मुलांना कुणी मांडून दाखवत नाही. दोन पर्यायांतून एक निवडायचा असेल तर दोन प्रश्नांत सरासरी एक बरोबर, एक चूक: ४ वजा १, तीन गुण पदरात. अगदी डोळे मिटून चार प्रश्न ठोकले तरी सरासरी ४ वजा ३, एक गुण उरतो. दोन पर्याय कापता आले असतील तर प्रश्न सोडू नये.

त्यातून आमचं वर्ष ठरलं. क्लासला जायचं नाही. फिजिक्ससाठी वर्तकनगरलाच एक निवृत्त सर घरी चार मुलं घेतात, आठवड्यातून तीन दिवस तिथं. बायोलॉजीला एनसीईआरटीची, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाची, पुस्तकं, ओळ न् ओळ, कारण ती बारावीला राज्य मंडळाची होती आणि दोन्हींच्या मांडणीत फरक आहे. सकाळी घराजवळच्या अभ्यासिकेत. आणि दर रविवारी दुपारी दोन ते पाच, जेवणाच्या टेबलावर, छापलेल्या ओएमआरवर काळ्या बॉलपेननं गोळे भरत पूर्ण पेपर. खरी परीक्षा दुपारी दोनला असते आणि आमची मुलगी दोन वर्षं दुपारी झोपून रात्री दीडपर्यंत अभ्यास करत होती. सरावासाठी २०१९ आणि २०२० चे पेपर आधी घेतले. २०२१ ते २०२४ मध्ये २०० प्रश्नांतून १८० निवडायचे होते, २०२५ पासून पुन्हा सरळ १८० प्रश्न आणि तीन तास, त्यामुळे जुने पेपर आताच्या घडणीला जास्त जवळचे.

प्रत्येकानं पुन्हा द्यावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. आमच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या मुलानं रकाने मांडल्यावर बघितलं की त्याचे न येणारेच प्रश्न साठावर आहेत, आणि मनही उतरलं होतं. तो बी. फार्मला चाललाय, खुशीत आहे. त्याचा निर्णयही पूर्ण विचाराचा आहे. हिशोब उघडून बघा आणि निर्णय मुलाला घेऊ द्या, एवढंच मी सांगेन. "वर्ष वाया जाईल" हे मात्र म्हणू नका. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप, पुढं एमडी करायचं तर आणखी तीन. एवढ्या लांबच्या वाटेवर निघालेल्या मुलाला एका वर्षावरून टोचायचं कशाला? नीट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही, वयाची वरची अटही नाही. गॅप पडला तर प्रवेशाच्या वेळी एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हो, हाताशी वेळ आहे तर नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाइल, जात वैधता, ज्याला जे लागेल ते कागद आत्ताच करून ठेवा.

एक मागणी सरकारकडे आहे आणि ती मी मनापासून करते. इंजिनिअरिंगची जेईई मेन वर्षातून दोनदा होते आणि दोन्हींतले चांगले गुण धरतात. नीट एकदाच. मे महिन्यातल्या एका दुपारी ताप आला, पोट बिघडलं, वडील दवाखान्यात असले, तरी बारा महिने थांबायचं. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना दुसरी संधी त्याच वर्षात मिळायला हवी.

आणि हे नक्की वाचा. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, "माझा काही उपयोग नाही" असं बोलत असेल तर आठ दिवस थांबू नका. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आईवडिलांनीही करावा. मी दुसऱ्या रात्री केला होता. तिकडच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

काल तिसरा रविवार झाला. पाच वाजता तिनं पेन ठेवलं, तासाभरानं उत्तरसूची काढली आणि वहीत रकाने स्वतःच आखले. सोडलेले ६. वाचण्यात चुकलेले ९. फिजिक्स अजून मागेच आहे. मी स्वयंपाकघरात होते, तिथूनच विचारलं, किती झाले गं?

"बेरीज नंतर सांगते," ती म्हणाली. "आधी हे नऊ बघू दे."